जनरल स्लिमकडून शॉप फ्लोअरवाल्यांनी काय घ्यायचं : बेळगावातल्या एका लीडरशिप शिबिराचा रिव्ह्यू

सुपरवायझर लोकांसाठी बेळगावात कुठलं ट्रेनिंग चांगलं, पैसे वसूल होतात का, असं उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातले बरेच जण विचारत असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेले एक सुभेदार मेजर साहेब एका दिवसाचं शिबिर घेतात. माणशी १८०० रुपये, त्यात सकाळचा चहा-उप्पीट आणि दुपारचं जेवण आलं. विषय एकच, दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर चौदावी आर्मी चालवणारा जनरल विल्यम स्लिम माणसं कशी सांभाळायचा. आमची फौंड्री (धातू ओतायचा कारखाना) छोटी आहे, तरी मोल्डिंग (साचे बनवणं), फर्नेस (भट्टी) आणि फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) तिन्हीकडचे शिफ्ट इन्चार्ज पाठवले, आणि मी आणि माझा भाऊ पण दिवसभर बसलो. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

ट्रेनिंगं आम्ही आधी पण केलीत. बाहेरून कोटवाले लोक येतात, इंग्लिशमध्ये बोलतात, फुगे फुगवायला लावतात, ग्रुप फोटो होतो, आणि सोमवारी फ्लोअरवर सगळं जिथल्या तिथं. आमच्याकडचे इन्चार्ज म्हणजे कोण तर खानापूर-चंदगडकडचे मराठी, बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे, आणि त्यांच्या हाताखाली यूपी, बिहार, ओडिशाची पोरं, त्यांना फ्लो-चार्ट दाखवून काय होणार सांगा. सुभेदार साहेब स्वतः खानापूर तालुक्यातले, मराठीत बोलतात, मध्येच कुणाचा चेहरा कोरा दिसला की त्याच्याकडे वळून तेच कन्नडमध्ये सांगतात, मग हिंदीत. त्यांनी सांगितलं की स्लिमला गुरखाली आणि उर्दू दोन्ही येत होत्या आणि तो जीपच्या बॉनेटवर उभा राहून जवानांशी सरळ बोलायचा. बोलायचा काय तर आधी जेवण, पगार, रजा, टपाल, लढाई कुठवर आली, आणि देश-कर्तव्य वगैरे सगळ्यात शेवटी थोडंसं. ही क्रमवारी मी वहीत लिहून घेतली, कारण आपल्याकडे बरोबर उलटं चालतं, सकाळच्या मीटिंगला आधी क्वालिटी, कस्टमर, कंपनीचं नाव, आणि कॅन्टीनचा विषय निघाला की वेळ संपलेली असते.

स्लिम कोण हे थोडक्यात सांगतो, साहेबांनी पण थोडक्यातच सांगितलं. १८९१ ला ब्रिस्टलमध्ये जन्म, वडिलांचा धंदा बुडालेला, पोरगा गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर झाला, मग एका लोखंडी पाइपांच्या कंपनीत कारकून. पहिल्या महायुद्धात सैन्यात आला, गॅलिपोलीला जखमी, मग मेसोपोटेमियात परत जखमी. पुढे इंडियन आर्मीत गुरखा पलटणीत. म्हणजे मोठ्या घरातून आलेला नाही, कारकुनी केलेला माणूस आहे, आणि तसं ते पुढं त्याच्या वागण्यात दिसतं.

मार्च १९४२ मध्ये त्याला बर्मात जे सैन्य हातात मिळालं ते जपान्यांपुढं मागं हटत होतं, रंगून गेलेलं. जवळजवळ हजार मैल चालत ते सगळे भारताच्या हद्दीपर्यंत आले. शेवटची तुकडी हद्दीवर येताना स्लिम रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता, माणसांच्या अंगावर चिंध्या, मलेरियाने वाळलेली, पण हातात हत्यार आणि चालताना रांग. साहेब म्हणाले, हरलेल्या माणसाला बघायला जो उभा राहतो त्याच्यासाठीच माणसं परत लढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४३ मध्ये चौदावी आर्मी तयार झाली तेव्हा तिची अवस्था काय होती ते पुढं सांगितलं, आणि इथून शिबिर खरं चालू झालं असं मी म्हणेन.

मलेरिया. १९४३ मध्ये लढाईत जखमी होऊन एक माणूस मागं न्यावा लागला तर आजारी पडून १२० न्यावे लागत होते. बोर्डवर साहेबांनी खडूने एक आणि १२० एवढंच लिहिलं आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मेपाक्रिन नावाची गोळी होती, रोज खायची, पण जवान खात नव्हते. गोळीने अंग पिवळं पडायचं, आणि वर अफवा की ही गोळी खाल्ली की पुरुषपण जातं. आता अशा वेळी आपण काय करतो? बोर्ड लावतो, गोळी न खाणाऱ्याला दंड करतो. स्लिमने काय केलं, अचानक एखाद्या पलटणीची तपासणी, पलटणीतला प्रत्येक माणूस तपासायचा, आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी गोळी घेतलेली निघाली तर त्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर घरी. जवान नाही ओ, ऑफिसर. फक्त तिघांना काढावं लागलं, बाकीच्यांना तेवढ्यात समजलं.

आणि नुसता धाक नव्हता हे साहेबांनी लई चांगलं उलगडून सांगितलं. आजारी माणूस भारतात पाठवायचा, मग तो महिनोन् महिने परत यायचा नाही, त्याऐवजी लढाईच्या रेषेपासून थोड्याच मैलांवर उपचाराची केंद्रं उभी केली, तिथंच बरा व्हायचा, तिथूनच पलटणीत परत. संध्याकाळी डास सुटायच्या आधी बाह्या खाली, हाफ पँट बंद. म्हणजे गोळी, कपडे, दवाखाना आणि ऑफिसरची नोकरी, चारही गोष्टी एका वेळी हलवल्या. १९४५ पर्यंत आख्ख्या आर्मीचं आजारपण रोज हजारी एकावर आलं होतं. औषध तेच होतं, ते खाल्लं जाईल याची जबाबदारी कुणाच्या डोक्यावर आहे हे मुख्य बदललं.

यावर साहेबांनी प्रत्येक टेबलला एक प्रश्न दिला, तुमच्याकडची मेपाक्रिनची गोळी कुठली? आमच्या टेबलवर लगेच उत्तर आलं, गॉगल. फेटलिंगमध्ये ग्राइंडर चालू असताना पोरं गॉगल कपाळावर सरकवून काम करतात, ही उद्यमबागेतली, होनग्यातली, मच्छेतली सगळ्यांची गोष्ट आहे, कुणी नाही म्हणू नये. आणि सगळीकडे दंड हेल्परला.

दुपारच्या जेवणाचं सांगितलंच पाहिजे. लाइन लावताना साहेबांच्या माणसांनी मालक-मॅनेजर एका बाजूला आणि सुपरवायझर दुसऱ्या बाजूला केले. आम्हाला एक चपाती, वाटीभर भाजी, मूठभर भात. पलीकडे पूर्ण ताट, वर कुंदा. भावाने विचारलं की जेवण कमी पडलं काय, तर साहेब म्हणाले, आज तुमचं हेडक्वार्टर हाफ रेशनवर आहे. पुढच्या फळीतल्या कुठल्याही तुकडीला अर्ध्या रेशनवर राहावं लागलं की स्लिम स्वतःच्या हेडक्वार्टरला पण अर्ध्या रेशनवर ठेवायचा, रसद बघणारे ऑफिसर त्यातच आले, मग ट्रक आणि विमानं कशी हलत नाहीत बघा. आमच्या बाजूला एक मोठे कारखानदार बसले होते, त्यांना हे आवडलं नाही, तोंडावर दिसत होतं. मला विचाराल तर दिवसातला सगळ्यात कामाचा अर्धा तास तो. अर्धपोटी बसून समोर माझा मोल्डिंगचा इन्चार्ज कुंदा खाताना बघत होतो आणि डोक्यात एकच, आपल्याकडे नाइट शिफ्टला चहा किती वाजता पोचतो हे मला नक्की माहीत आहे काय.

दुपारनंतरचं सेशन जुगाडाचं होतं, मंडळी पेंगायच्या वेळेला बरोबर ठेवलंय. डोंगरात, जंगलात अडकलेल्या तुकड्यांना विमानातून रसद टाकायची तर पॅराशूट हवीत, आणि चौदावी आर्मी म्हणजे यादीत सगळ्यात शेवटी, युरोपला सगळं जायचं. तर कलकत्त्यात ताग होता, तागाची पॅराशूट बनवून घेतली, नाव पॅराजूट. नेहमीच्या पॅराशूटची किंमत २० ब्रिटिश पौंडाच्या वर, याची एक पौंडाच्या जरा वर, आणि हे रेशमी पॅराशूटच्या साधारण ८५ टक्के काम द्यायचं. माणसाला उतरवायला नाही, पण तांदूळ-दारूगोळ्याला पुरे. पावसात रस्ता टिकत नाही तर गोणपाटावर डांबर लावून त्याचे पट्टे अंथरले. चिंदविन नदीवर कलेवाला बोटी बांधायचा कारखाना काढला. साहेबांचा मुद्दा असा की मालक रडत बसला की हाताखालचे पण रडतात, आणि मालकाने तागाकडे बोट दाखवलं की पोरं पुढची दहा जुगाडं स्वतः आणतात. फौंड्रीवाल्यांना जुगाड शिकवायची गरज नाही म्हणा, पण कुठं ८५ टक्के चालतं आणि कुठं चालत नाही हा फरक त्यांनी ठासून सांगितला तो बरं केलं. वितळलेला धातू न्यायच्या भांड्याच्या, म्हणजे लॅडलच्या कानाला वेल्डिंग मारून अजून एक हीट (भट्टीचा एक घाणा) काढू, असली ८५ टक्केगिरी माणूस मारते.

मग एक व्यायाम झाला तो आम्ही अजून चालवतोय. स्लिम ऑपरेशन ऑर्डर स्वतः लिहायचा नाही, स्टाफ लिहायचा, पण त्यातला एक भाग मात्र तो स्वतः लिहायचा, तो म्हणजे इरादा, आपल्याला नेमकं साधायचं काय. ऑर्डरमधला सगळ्यात छोटा तुकडा तोच, पण वायरलेस बंद पडला, वरून निरोप आला नाही तरी खालच्या ऑफिसरने त्यावरून ठरवायचं. बर्माच्या जंगलात सारखं विचारायला जागाच नव्हती, त्यामुळं खालचे लोक स्वतःहून निर्णय घेऊ लागले. प्रत्येक इन्चार्जला साहेबांनी आपल्या शिफ्टचा इरादा एका वाक्यात लिहायला लावला. आमच्या फर्नेसवाल्याने आधी लिहिलं, 'टार्गेट पूर्ण करणे'. साहेबांनी विचारलं, रात्री दोन वाजता लाइट गेली, धातू फर्नेसमध्ये आहे, मालक फोन उचलत नाही, यावरून तुला काय करायचं ते कळतं काय? गडी बराच वेळ विचार करत बसला, मग लिहिलं, 'माणूस भाजणार नाही, फर्नेस गोठणार नाही, मग टनेज'. क्रम लागला आपोआप. तो कागद आता आमच्या पॅनलशेजारी चिकटवलेला आहे.

मराठ्यांचा भाग संध्याकाळी आला आणि हॉल एकदम गप्प झाला. साहेबांच्या भावकीतले एक आजोबा पाचव्या मराठाच्या चौथ्या बटालियनमध्ये होते, म्हणजे मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जी लढाई झाली तिथली बटालियन. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठे एका उघड्या टेकडीवर अडकले, प्यायला पाणी नाही, खंदक खोल खणायला गेलं की खाली खडक, विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांकडे पडत होती. २६ मार्चच्या रात्री उरलेले लोक बाहेर पडले, पण तेवढे दिवस जपानी तिथं अडकले आणि इंफाळ-कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. बेळगावात कॅम्पातून जाताना मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरच्या भिंतीकडे आपण रोज बघतो, पण सांगशाक हे नाव हॉलमधल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं असणार.

आणि याच ठिकाणी साहेबांनी स्लिमची चूक सांगितली, झाकली नाही. कोहिमाच्या डोंगराळ वाटेने जपानी फार तर एक रेजिमेंट आणू शकतील असा त्याचा अंदाज, प्रत्यक्षात आली त्याहून कितीतरी मोठी, आख्खी ३१ वी डिव्हिजन. सतराव्या डिव्हिजनला मागं घ्यायचा हुकूम पण उशिरा गेला. युद्धानंतर स्लिमने आठवणी लिहिल्या त्यात हे सगळं 'मी चुकलो' म्हणून लिहून ठेवलंय, खालच्या कुणावर ढकललं नाही. जिंकलेला जनरल, १९४८ ला ब्रिटिश आर्मीचा मुख्य झालेला माणूस, त्याला काय गरज होती? पण त्याच्याबरोबर काम केलेले लोक त्याला अंकल बिल (विल्यमचं बिल) म्हणायचे त्यामागं हे पण असणार. रिजेक्शन वाढलं की आपल्याकडे सँड प्लांटवाला मोल्डिंगवर आणि मोल्डिंगवाला फर्नेसवर बिल फाडतो, तेव्हा सगळ्यात वरचा माणूस काय बोलतो त्यावर पुढच्या महिन्यात खरी माहिती वर येणार की नाही ते ठरतं.

आता अर्धा स्टार. एका वयस्क गृहस्थांनी उठून विचारलं, साहेब, इंफाळला समोरून आझाद हिंद सेना पण आली होती, १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला त्यांचा झेंडा लागला, मग आपण इंग्रजांच्या जनरलचं कौतुक का करायचं? प्रश्न रास्त होता. साहेब म्हणाले, चौदाव्या आर्मीत सगळ्यात जास्त माणसं आपलीच होती, आपल्या गावची होती, आणि समोरची पण आपलीच होती, मी दोघांना सॅल्यूट करतो. उत्तर मनापासून होतं, पण दोन मिनिटांत गुंडाळलं आणि पुढची स्लाइड. या विषयाला स्वतंत्र वेळ द्यायलाच पाहिजे. एकाच तालुक्यातला एक पोरगा इकडं आणि एक तिकडं, हे आपल्या भागात घराघरात घडलेलं आहे, ते बाजूला ठेवून नुसतं मॅनेजमेंट शिकवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

दुसरं म्हणजे स्लिम मनोबलाचे तीन पाये सांगतो, आत्मिक, बौद्धिक आणि भौतिक. भौतिक म्हणजे जेवण, साधन, पगार, आणि बौद्धिक म्हणजे काम होण्यासारखं आहे आणि वरचा माणूस हुशार आहे असा विश्वास. हे दोन फौंड्रीत सरळ लागू पडतात. पहिल्यांदा छोट्या जिंका मिळवून द्यायच्या, ते पण पटलं, स्लिमने सुरुवातीला जपान्यांच्या एका कंपनीच्या (शे-दीडशे जवानांच्या) ठाण्यावर आख्खी ब्रिगेड (काही हजार माणसं) घातली, का तर आपल्या माणसांना जिंकायची सवय लागावी. पण आत्मिक पाया, महान ध्येय वगैरे, ते साहेबांनी ओढून-ताणून कारखान्याला लावायचा प्रयत्न केला. हेल्परला शेजारच्या शेडमध्ये ५० रुपये जास्त मिळाले तर तो उद्या तिकडं जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, घर चालवायचं असतं. सैन्याला तसा रस्ता नसतो. हा फरक उघडपणे मान्य करून पुढं गेलं असतं तर बरं झालं असतं. त्यातला एक तुकडा मात्र खरंच उपयोगी निघाला, आपण करतोय त्याने फरक पडतो हे प्रत्येक माणसाला दिसलं पाहिजे. आम्ही परत आल्यावर एक हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी मधोमध कापून कोअर शॉपमध्ये (कोअर म्हणजे मालाच्या आतली पोकळी धरायला साच्यात ठेवतात तो वाळूचा तुकडा) नेली आणि तिथल्या बायकांना आतले तेलाचे रस्ते दाखवले, हे तुमच्या कोअरने झालेत म्हणून. एक मावशी इतकी वर्षं कोअर बनवते, तिने बोट घालून आतली वाट चाचपली आणि विचारलं, मग कोअरचा कोपरा जरा उडाला की तेल हितं अडतंय काय? आता मोडका कोअर ती स्वतः बाजूला काढते.

गॉगलचं काय झालं ते पण सांगतो कारण रिव्ह्यूत परिणाम पाहिजे. हेल्परचा दंड बंद केला, अचानक तपासणी चालू केली, आणि त्याचा जाब फेटलिंगच्या इन्चार्जला. तो आठवड्याच्या आत ऑफिसात आला आणि टेबलवर जुने गॉगल ओतले, म्हणाला, साहेब, हे घालून बघा. घातले तर काच इतकी घासलेली की समोरचा दरवाजा धुरकट, वर घामाने आतून वाफ. इतके दिवस ही तक्रार पोरं एकमेकांत करत होती, वर येत नव्हती, कारण वरच्या कुणाचं त्यात काही अडकत नव्हतं. दुसरे घेतले, बाजूने हवा खेळणारे, काच लवकर न घासणारे, महाग पडले. डोळ्यात कण गेला म्हणून डॉक्टरकडे पळापळ कमी झालीय हे आमच्या गेटवरचा वॉचमन पण सांगेल.

बाकी व्यवस्था ठीक. खुर्च्या प्लास्टिकच्या, दुपारी पंखे कमी पडतात, प्रोजेक्टरवर नकाशे बारीक दिसतात, बर्माचा एक मोठा नकाशा भिंतीला लावला तर इरावती, मेइक्तिला, मंडाले सगळं डोळ्यासमोर राहील. १९४५ ची मेइक्तिलाची चाल, खोट्या हेडक्वार्टरचा वायरलेस चालू ठेवून आख्खी कोर (काही डिव्हिजन मिळून होणारं सैन्य) जंगलातून गुपचूप दुसरीकडून नेली, ती पंधरा मिनिटांत उरकली आणि तिला तासभर पाहिजे होता. नोट्स फक्त मराठीत आहेत, कन्नडमध्ये पण द्या असं आम्ही सांगून आलोय, साहेब हो म्हणालेत.

पाठवायचं कुणाला? शिफ्ट इन्चार्ज, फोरमन, स्टोअरवाला. एकट्या सुपरवायझरला पाठवून मालक घरी बसणार असेल तर १८०० रुपये वाचवा, कारण तिथं शिकून आलेला माणूस परत येऊन पहिली मागणी तुमच्याकडेच करणार आहे. बॅच महिन्यातून एकदा, रविवारी असते, तीसच्या वर माणसं घेत नाहीत, त्यामुळं दोन-तीन आठवडे आधी सांगावं लागतं, आणि दुपारी पोटभर जेवायची सवय असलेल्या मालकांनी सकाळी उप्पीट दोनदा घ्यावं.